विनाथांबा

"अंगठा घट्ट दाब," आप्पा म्हणाले. "पंक्चर शोधायचं म्हणजे घाई करून चालत नाही."

नळीची नाकात घालायची दोन टोकं मी अंगठ्याखाली दाबून धरली आणि बाकीची नळी वेटोळं करून परातीतल्या पाण्यात बुडवली. ऑक्सिजनचं मशीन भिंतीशी घरघरत होतं. आप्पांना तेवढ्यापुरता लहान सिलिंडर लावला होता. माझं अर्धं लक्ष परातीत होतं आणि अर्धं त्या सिलिंडरच्या काट्याकडे.

पाणी शांत होतं. मग कडेला एका जागी मोहरीएवढा बुडबुडा फुगला, सुटला आणि वर येऊन फुटला. त्याच्या मागोमाग दुसरा.

"सापडलं बघ," आप्पा म्हणाले.

मी खूण करायला पेन उचललं, तेवढ्यात कपाटावरून काहीतरी पांढरं-काळं-तांबडं खाली झेपावलं आणि थेट परातीत पडलं. पाणी माझ्या तोंडावर उडालं. परात कलंडली. मांजरीने स्वतःच्याच धाडसाला घाबरून पलंगावर उडी मारली, तिथून खिडकीत, खिडकीतून पडद्यावर, आणि पडद्याला लोंबकळत ती आमच्याकडे बघू लागली.

"बुडबुडे धरायला आली गं!" आप्पा हसले आणि हसता हसता खोकायला लागले.

त्यांचा खोकला ही साधी गोष्ट नव्हती. एकदा सुरू झाला की तो त्यांना कमरेत वाकवायचा, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ व्हायच्या आणि मधल्या श्वासाला जागाच उरायची नाही. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा खाली आला, आणखी खाली आला, मग कुठेतरी अडखळून हळूहळू वर चढू लागला. तो नव्वदच्या पुढे जाईपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आकड्याकडेच पाहत होते.

"परवा शनिवार," मी म्हणाले. "साळुंखे सर येऊन तिला घेऊन जातील. मग हा रोजचा उद्योग संपेल."

आप्पांनी मान हलवली. "टोपली आणायला सांग. झाकण असलेली. बिनझाकणाची ही राहायची नाही."

एवढंच म्हणाले. नको म्हणाले नाहीत.

ही कऱ्हाडची गोष्ट. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मी आणि आप्पा दोघंच. आप्पांनी उभा जन्म एस.टी. चालवली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना दम लागू लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग अंगात सदरा घालतानासुद्धा. फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. ती मऊ करायचं औषध नव्हतं. ऑक्सिजनची नळी दिवसरात्र लावायची, जेवताना, आंघोळ करताना, झोपेतसुद्धा. मशीनपासून न्हाणीघरापर्यंत पुरेल अशी लांब नळी आम्ही आणली. मी घरातली उदबत्ती बंद केली, देवापुढचा दिवा स्वयंपाकघरात नेला. ऑक्सिजनपाशी आग नको, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

नळी लागल्यावर आप्पा बोलायचे थांबले. तक्रार नाही, चिडचिड नाही. सकाळी खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. पेपर उघडायचेसुद्धा नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "बरा आहे." शेजारच्या इंदूमावशी मी कॉलेजला गेले की त्यांच्यापाशी बसायला येत. त्या म्हणायच्या, "आगं, मान्सापाशी बसलीया का घड्याळापाशी, हेच कळत न्हाय."

मग एका सकाळी शेजारच्या दूधवाल्याचा टेंपो सुरू होत असताना आप्पा अचानक ओरडले, "स्टार्टर मारू नको! बॉनेट उघड! आत जनावर आहे!" इंजिनाच्या आवाजातून त्यांना म्यावचा आवाज ऐकू आला होता. दूधवाल्याने बॉनेट उघडलं, तर आत ग्रीसने माखलेलं तीनरंगी पिल्लू. तो ते पायरीवर ठेवून गेला. पिल्लू उभं राहिलं, अंग झटकलं आणि घरात शिरून जे पळायला लागलं ते रात्री जेवणं होईपर्यंत थांबलं नाही.

"हिचं नाव विनाथांबा," आप्पा म्हणाले. बऱ्याच आठवड्यांनी त्यांनी आपणहून केलेला तो पहिला विनोद होता.

आज इतक्या वर्षांनीही त्या मांजरीइतकी ऊर्जा एवढ्याशा वजनात मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिच्या अंगात वारं भरायचं. कान मागे, शेपटी बाटलीच्या ब्रशासारखी फुललेली, आणि या खोलीतून त्या खोलीत अशी धावायची की वळणावर चारही पाय घसरायचे. टेबलाच्या कडेवर ठेवलेली वस्तू सोडली तर खाली पडते का, हे ती दररोज नव्याने तपासायची. पेन, चष्मा, आमटीची वाटी, माझ्या तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. लांब आणि हलणारं जे जे काही, ते तिचं सावज. परकराची नाडी, केरसुणीचा हीर, साडीचा काठ.

आणि घरातली सगळ्यात लांब, सगळ्यात हलणारी गोष्ट म्हणजे आप्पांच्या मागे फरशीवरून सरपटत जाणारी ती पारदर्शक नळी.

पहिलं भोक पडलं तेव्हा मला लगेच कळलंही नाही. आप्पांचा आकडा दिवसभर उतरलेला का, हे शोधता शोधता संध्याकाळ झाली. मशीनला फक्त त्याच्यावर बसवलेल्या पाण्याच्या बाटलीपर्यंतचं कळतं. बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे येत राहतात, काटा ठरल्या जागी असतो, सगळं ठीक दिसतं, आणि पुढे नळी फाटून ऑक्सिजन पलंगाखाली वाया जात असतो. त्या दिवसापासून वर्गात वायूंचे नियम शिकवताना मी मनात घरातली नळी तपासत असायचे. मधल्या सुट्टीत इंदूमावशींना फोन करायचे. "आकडा किती?" त्या सांगायच्या. पुढच्या सुट्टीत पुन्हा करायचे. औषधांच्या दुकानातला माणूस नवी नळी काढून देताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही या नळ्यांची भाजी करता का?"

मिरचीचं पाणी लावून पाहिलं. तिला ते आवडलं. लिंबाचं साल चोळलं, दोन दिवस ती नाक मुरडून लांब राहिली आणि तिसऱ्या दिवशी आली. तिला स्वयंपाकघरात कोंडलं, तर तिने दारावर इतक्या उड्या मारल्या की आप्पांनीच मला दार उघडायला लावलं.

साळुंखे सर आमच्याकडे जीवशास्त्र शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत मी कधी घरचं बोलत नसे, पण त्या आठवड्यात बोलून गेले.

"अहो, मग मला द्या की!" ते म्हणाले. "मळ्यातल्या घरात उंदरांनी संसार थाटलाय. तिसरी पिढी चालू आहे. शनिवारी पोतं घेऊन येतो."

"पोतं नको," मी म्हणाले. "टोपली आणा."

परातीतलं पाणी पुसून काढल्यावर मी नळी कोरडी करत होते. बुडबुडे आले होते ती जागा मला सापडली, आणि मी तिथेच थांबले.

नाकात घालायच्या टोकांपासून दोन बारीक नळ्या निघतात. त्या गालांवरून जाऊन कानांमागे अडकतात आणि पुढे हनुवटीखाली एकत्र येऊन एकच जाड नळी होते. दातांच्या खुणा त्या बारीक नळीवर होत्या. कानामागच्या वळणावर.

"आप्पा, ही इथे कधी चावली?"

"झोपेत असेन," ते म्हणाले. "मांडीवर येऊन बसते ना ती."

मी कपाटातली नवी नळी काढून लावली. मांजर पडद्यावरून उतरून दाराआडून त्या नव्या नळीचं निरीक्षण करत होती.

दुसऱ्या दिवशी मी बारावीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. समीकरणाची डावी बाजू लिहिली आणि हात थांबला. कानामागे बसलेल्या नळीत वरचे आणि खालचे, दोन्ही दात रुतायचे तर मांजरीचं तोंड आप्पांच्या कानाच्या आणि कवटीच्या मधे शिरायला हवं. तेवढी फट तिथे नसते. आणि कानाला ओरखडा नव्हता. मी रोज सकाळी त्यांचे कान पुसत होते, नळीने कातडी सोलवटते म्हणून.

म्हणजे चावली तेव्हा ती नळी कानावर नव्हती.

"मॅडम, उजवी बाजू?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी ती लिहिली. बरोबर लिहिली की नाही, आठवत नाही. तास संपल्यावर पुढचा तास साळुंखे सरांच्या गळ्यात घातला आणि निघाले. स्कूटर त्या दिवशी गॅरेजमध्ये होती. रिक्षा मिळेना, म्हणून चालतच निघाले. चालत म्हणजे जवळजवळ पळतच. नळी काढलेली असताना आप्पा किती वेळ तग धरतील, याचा हिशेब मी डोक्यात मांडत होते आणि तो कुठल्याच बाजूने जुळत नव्हता.

फाटक उघडं होतं. इंदूमावशी पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या, पण त्यांचं तोंड घराकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं. मला पाहून त्या दचकल्या.

"स्कूटर कुठं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आत काय चाललंय?"

"काय न्हाय. कुंदा, थांब. आगं, थांब की जरा."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवून दार ढकललं. आतून कडी होती.

"कडी हाय. नळी काढायच्या आदी त्येनीच घातली. उघडं ठिवलं की ती पळती," त्या कुजबुजल्या. "हाक मारू नको. दचकत्याल."

मी खिडकीशी गेले. मोगऱ्याच्या वेलाआडून आतलं दिसत होतं.

आप्पा खुर्चीत बसले होते. नाकात नळी नव्हती. इतक्या दिवसांनी त्यांचा तसा चेहरा मी बघत होते आणि क्षणभर मला तो ओळखूच आला नाही. गालांवर नळीने पाडलेल्या दोन खाचा तेवढ्या होत्या. उजव्या हातात नळीचं टोक धरून ते फरशीवरून डावीकडे नेत, उजवीकडे नेत, मधेच उंच उचलत. आणि विनाथांबा हवेत होती. खरोखर हवेत. जमिनीवर टेकायची ती फक्त पुढची उडी घ्यायला. उलटी पडायची, गिरकी घ्यायची, पलंगाच्या पायावर आपटायची आणि आपटलोच नाही अशा थाटात पुन्हा यायची.

"चला, उंब्रज!" आप्पा म्हणाले. श्वास घेतला. "उंब्रजवाले... उतरा!" नळी उडवली. मांजर उडाली. श्वास. "अतीत!" श्वास. "नागठाणे... कुणी आहे का... नागठाणे?" श्वास. "ही कुठं थांबते? थांबत नाही... बाई ही... थेट साताऱ्याला!"

त्यांचे ओठ जांभळे पडायला लागले होते. मला खिडकीतून ते स्वच्छ दिसत होतं.

"मावशी, त्यांना दार उघडायला सांगा."

"कोन उघडंल? त्येच उठत्याल ना? तिथनं चालत दारापत्तूर येत्याल? आनी दार उघडल्याबरुबर ती पळाली, की हे तिच्या मागं." त्यांनी पुन्हा माझा हात धरला, या वेळी घट्ट. "बसल्या जागी हायत तवर ठीक हाय. बस की गं गप. आता हुतंयच."

त्यांचं म्हणणं खरं होतं. बसलेल्या माणसाला जेवढा ऑक्सिजन पुरतो, तेवढ्यात उभा माणूस चार पावलंही टाकू शकत नाही. हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळत होतं, आणि तरीही माझा एक हात दारावर बुक्की मारायला उचललेला होता.

"हे कधीपासून चाललंय?"

"झाला म्हैना."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"म्या म्हनले त्यास्नी, कुंदाला सांगनार. तर म्हनले, सांग. मग ती कालेज सोडून माज्यापाशी बसंल. दोन मान्सं भितीकडं बघत बसू." इंदूमावशींनी पदराने नाक पुसलं. "म्हनले, नळीवाल्याला समदी बघायला येत्यात. ही तेवढी खेळायला येती."



आत खेळ थांबला होता. मांजरीने टोक पकडलं होतं आणि ते तोंडात धरून ती पलंगाखाली शिरली होती. आप्पांनी नळी सोडून दिली. डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं, डोळे मिटले. छाती भराभर वरखाली होत होती. नळी पलंगाखाली, पलंग खोलीच्या पलीकडच्या बाजूला.

"आप्पा," मी म्हणाले. नुसत्या ओठांनी, ते दचकू नयेत म्हणून.

त्यांनी ओठांचा चंबू केला आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडला. लांब, सावकाश. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेला. माझ्यासमोर हा व्यायाम करायला ते नेहमी टाळाटाळ करायचे. पुन्हा नाकाने आत, पुन्हा फुंकर. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मीही ओठांचा चंबू केला आहे. खोलीतला एकही आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, मशीनच्या घरघरीखेरीज. ते मशीन इमानेइतबारे पलंगाखालच्या मांजरीला ऑक्सिजन पुरवत होतं.

मला वाटलं, आता मान कलेल. आता हात खुर्चीवरून खाली घसरेल.

हात खाली आलाच. पण तो घसरला नाही. त्याने खुर्चीला टेकवलेली काठी उचलली. डोळे न उघडताच आप्पांनी काठीची मूठ फरशीवरून फिरवली, नळीचा मधला भाग अडकवला आणि जवळ ओढला. मग काठी मांडीवर ठेवून विहिरीतून पोहरा काढावा तशी दोन्ही हातांनी नळी खेचायला सुरुवात केली. एक हात, थांबणं, फुंकर. दुसरा हात, थांबणं, फुंकर. कसलीही घाई नव्हती. अवजड गाडी चढावर घालताना ते गिअर टाकायचे तेव्हा त्यांचे हात असेच चालायचे. पलंगाखालून आधी नळी आली, मग नळीच्या टोकाला दात रोवलेली विनाथांबा, पाठीवर घसरत, चारही पाय वर.

"शेवटचा थांबा," आप्पा म्हणाले. "उतरा, बाई."

त्यांनी बोटाने तिचा जबडा उघडून टोक सोडवलं, सदऱ्याला पुसलं, कानांमागे नळी चढवली, नाकात बसवली. मग बाजूच्या स्टुलावरचा ऑक्सिमीटर घेऊन आपणच बोटाला लावला आणि डोळे बारीक करून आकडा पाहत राहिले. मांजर मांडीवर चढली आणि त्या चिमट्याच्या लाल दिव्यावर पंजा ठेवून बसली.

"झालं बघ," इंदूमावशी म्हणाल्या. "माजी जुडी निवडून हुईस्तवर. त्याच्या वर कदी न्हाय."

मी गज सोडला. तळव्याला गंजाचा रंग लागला होता. दार वाजवायला आता काहीच अडचण नव्हती. आप्पांना उठायचं झालं असतं तरी ते नळी लावून उठले असते. मी दारापर्यंत गेलेही. दार वाजवून आत जायचं, कडी काढून घ्यायची, साळुंखे सरांना आजच बोलवायचं. सगळं अगदी सरळ होतं. त्या मेथीच्या जुडीएवढ्या वेळात त्यांच्या हृदयावर काय ताण पडतो ते मला माहीत होतं. उद्या काठी हाती लागली नाही तर काय, परवा खोकला आला तर काय, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की ते सगळं सांगून झाल्यावर मी त्यांना पुन्हा त्या भिंतीसमोर कशी बसवणार होते.

"मावशी, मी आले होते हे त्यांना सांगू नका," मी म्हणाले.

 त्यांनी मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या. "मला कुनी इचारलं तर ना."

मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. स्कूटर तयार झाली तशी साळुंखे सरांना फोन केला.

"सर, मांजर देता येणार नाही."

"अहो, टोपली आणून ठेवली मी! झाकणाची मिळेना, तर मुद्दाम बुरुडाकडून करून घेतली."

"मिरच्या ठेवा तिच्यात."

"आणि तुमच्या वडिलांची नळी?"

"बघू," मी म्हणाले. मी सहसा असं उत्तर देत नाही.

नेहमीच्या वेळेला, स्कूटरच्या नेहमीच्या आवाजात घरी पोचले. आप्पा खुर्चीत होते. नळी नाकात, चेहरा निर्विकार. विनाथांबा कपाटावर झोपली होती आणि तिचा एक पाय कडेवरून खाली लोंबत होता.

"आकडा किती?" मी विचारलं.

"त्र्याण्णव."

खरंच त्र्याण्णव होता. संध्याकाळी मी परात मांडली, नळी बुडवली. कानामागच्या वळणावर पुन्हा बारीक बुडबुडा. मी चिकटपट्टी कापली.

"द्वाड आहे फार," मी म्हणाले.

"फार," आप्पा म्हणाले. मग, "उद्या सर कितीला येणार?"

"येत नाहीत. त्यांच्या मळ्यातला कुत्रा मांजर टिकू देत नाही म्हणे."

"कुत्रा? सरांकडं कुत्रा कधी आला?"

"हल्लीच आला असेल."

ते माझ्याकडे पाहायला लागले. मी पट्टी गुंडाळत राहिले. एकाच जागी गरजेपेक्षा जास्त वेढे झाले.

"आप्पा, आणखी एक. ही फाटकापाशी एकदम चाकापुढे येते. मला भीती वाटते. तेव्हा सोमवारपासून मी कोपऱ्यावरच हॉर्न देईन आणि जरा थांबून मग आत येईन. तेवढ्यात घरात काय आवरायचं ते आवरून घ्यायचं. म्हणजे तिला धरून ठेवायचं."

 आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"लांब दे," ते म्हणाले.

"काय?"

"हॉर्न. वळणावर लांब द्यायचा असतो. तुझा तो चिमणीसारखा चिव् करतेस, तो कुणाला ऐकू जातोय? आणि दिल्या दिल्या गाडी आत घालायची नाही. पलीकडच्याला बाजूला व्हायला वेळ लागतो."

"किती थांबायचं?"

"ते काय मोजून सांगायचं, कुंदे? अंदाजानं."

अंदाज हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या वहीत दिसला तर लाल पेनाने खोडत असे. "बरं," मी म्हणाले.

आप्पांनी त्यानंतरचा पावसाळा पाहिला आणि त्यापुढची थंडीही. शेवटी न्यूमोनियाने गेले, दवाखान्यात, नळी नाकात असताना. मांजर पुढे माझ्याकडे पुष्कळ वर्षं राहिली, जाड झाली, आळशी झाली. मला आठवण येते ती मात्र त्या सोमवारची.

शाळा सुटलेली पोरं रस्त्यावर होती. कोपऱ्यावर नळाला बायकांची रांग होती. मी स्कूटर कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि हॉर्नवर अंगठा दाबला. लांब. बायका वळून बघायला लागल्या. "समोर कुणी हाय का?" त्यातली एक हसून म्हणाली. समोर कुणी नव्हतं. मी अंगठा काढला.

आता त्यांनी ऐकलं असेल. आता काठी उचलली असेल. नळी आज पलंगाखाली गेली असेल की कपाटामागे? कपाटामागे काठी पोचते का? एक हात, फुंकर. दुसरा हात, फुंकर. दात सोडवायचे, पुसायचं, उजवा कान, डावा कान. मी मनगट उलटं केलं होतं, घड्याळ दिसू नये म्हणून.  फाटक तिथून दिसत होतं, आणि मला वाटत होतं, स्कूटर इथेच टाकावी आणि धावत सुटावं.

"बाई, गाडी बंद पडली का?" नळावरच्या बाईने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि आणखी थोडी थांबले.